भरती-ओहोटी आधी, हॉटेल नंतर: सँ मालोला निघालेल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात सँ मालोबद्दल जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी प्रांत आहे, तिथलं हे तटबंदीचं जुनं बंदर, इंग्लंडहून फेरी येते, दर्यावर्दी लुटारूंचं गाव म्हणून फेमस, बस एवढंच. पण पॅरिसच्या अख्ख्या लेखाला आली नव्हती इतकी पत्रं या दहा ओळींना आली. नागपूरकरांना समुद्राचं एवढं काय असतं विचारलं तर उत्तर सोपं आहे, झिरो माईल आपल्याकडे, त्यामुळे कोणत्याही दिशेने निघा, समुद्र लांबच. या वेळी निवडक प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी रागवू नये.

ताई, मी आणि आमचे हे मे महिन्यात पॅरिसला जाऊन राहिलो. लेक पोर्ट्समथला नोकरी करते, ती म्हणते तुम्ही ट्रेनने सँ मालोला या, मी फेरीने येते, तिथेच भेटू. मग तिच्यासोबत एक दिवस बोटीने जर्सी बेटावर जाऊन यायचं ठरतंय. आमचा शेंगेन व्हिसा व्हायचाय अजून. यात काही लोचा तर नाही ना? — एक काकू, प्रतापनगर

लोचा आहे काकू, आणि तो जर्सीत आहे. सँ मालोच्या धक्क्यावरून जर्सीची बोट सुटते, अंतर थोडंसंच, म्हणून सगळ्यांना वाटतं की फुटाळ्यावर बोटीत चक्कर मारून येण्यासारखंच काहीतरी असेल. पण जर्सी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, येत नाही, ते ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीतलं बेट आहे. म्हणजे बोटीत पाय ठेवला की तुम्ही शेंगेनच्या बाहेर, आणि तुमच्या व्हिसावर सिंगल एंट्री लिहिलेलं असेल तर संध्याकाळी परत फ्रान्समध्ये शिरायचा हक्क संपला, सामान हॉटेलात आणि तुम्ही धक्क्यावर! वर जर्सीत उतरायलाही वेगळी परवानगी लागते ती आलीच. तेव्हा दोन रस्ते आहेत, एकतर अर्जातच मल्टिपल एंट्री मागा आणि का पाहिजे ते कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहा, किंवा जर्सी सोडा. मी तर म्हणते सोडाच. बोटीत बसायची हौस असेल तर सँ मालोहून समोरच्या दिनारला छोटी लाँच जाते, लोक तिला समुद्री बसच म्हणतात, दहा मिनिटात पलीकडे, पासपोर्ट काढायचं कामच नाही, आणि परत येताना पाण्यातून सँ मालोची जी भिंत दिसते ना ती बघायला लोक जर्सीवाल्या बोटीच्या डेकवर गर्दी करतात.

दुसरं, लेकीचा पासपोर्ट भारताचा असेल तर तिच्या ब्रिटिश वर्क व्हिसावर तिला फ्रान्समध्ये घेणार नाहीत, तिलाही शेंगेन लागतोच आणि तो तिने तिकडूनच अप्लाय करायचा. हे खूप जण विसरतात, आईवडिलांचे कागद चोख असतात आणि भेटायला येणारी मुलगीच पोर्ट्समथला अडकून पडते. तुमचं म्हणाल तर फी माणशी ९० युरो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा, अर्ज निघायच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि मे महिन्यासाठी मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतच उरकून टाका. बोटांचे ठसे द्यायला स्वतःच जावं लागतं, मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिले असतील तर ते चालू शकतात.

ट्रेन पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून. विमानतळावरून आलात तर आरईआर बी लाइनने दांफेर-रोशरोपर्यंत या, तिथून मेट्रो ४ किंवा ६, दोन्ही मोंपार्नासला जातात. डायरेक्ट टीजीव्ही, म्हणजे तिकडची फास्ट ट्रेन, सव्वादोन-अडीच तासात सँ मालोला सोडते, काही गाड्यांना रेन्नला बदल आहे, तोही काही अवघड नाही. या गाडीत रिझर्व्हेशनशिवाय चढताच येत नाही, आणि तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. लेकीची फेरी पोर्ट्समथहून रात्री निघून सकाळी पोचते, घड्याळ एक तास पुढे करायला सांगा तिला, नाहीतर "मी तर वेळेवर आले, तुम्हीच कुठे होता" यावरून भांडण व्हायचं. फेरीच्या धक्क्यापासून तटाचा दरवाजा चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, तुम्ही तटावर उभं राहूनच बोट आत येताना बघू शकता. सकाळी तेवढं कराच.

भाऊजींनी फोटो दाखवला त्यात किल्ल्याच्या भोवती पाणीच पाणी. मित्राने पाठवला त्यात तिथेच लोक वाळूवर चालून राहिले. दोघांपैकी कोण फेकून राहिला? — सक्करदऱ्याचा एक वाचक

कोणीच फेकून नाही राहिलं जी, दोघांचीही जागा एकच, फक्त वेळ सहा तासांनी वेगळी. सगळं सँ मालो भरती-ओहोटी या एका गोष्टीवर चालतं. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती येणार म्हटलं की न्यूज चॅनेलवाले सकाळपासून ओरडत बसतात, इथे मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यातला फरक १२-१३ मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार मजली बिल्डिंग दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा वर येते असं समजा. युरोपात इतकी मोठी भरती फार थोड्या ठिकाणी आहे. झालं असं की पश्चिमेकडून अटलांटिकचं पाणी इंग्लिश खाडीत घुसतं आणि समोर नॉर्मंडीचा कोतांतांचा भूभाग आडवा, मग ते त्या कोपऱ्यात दाबलं जातं आणि वर चढतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तटाच्या बाहेर ग्रां बे नावाचं छोटंसं बेट आहे, ओहोटीला दगडी वाटेने चालत जाता येतं, वर शातोब्रियां या लेखकाची समाधी आहे. जन्म याच गावातला १७६८ चा, गेला १८४८ मध्ये, आणि आपल्याला इथे समुद्राकडे तोंड करून ठेवा हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. समाधीवर नाव नाही, नुसता दगडी क्रॉस. मी तिथे बसून ब्रेड-चीज खाल्लं, फोटो काढले, वारा छान होता, डुलकी लागायचीच बाकी होती. खाली एक बाई कुत्र्याला घेऊन परत चालली होती ती मागे वळून हात हलवायला लागली, मला वाटलं किती प्रेमळ लोक आहेत इथले, मीही हात हलवला. मग ती जोरात ओरडली तेव्हा पाहिलं तर वाटेच्या मधल्या खोलगट भागात दोन्ही बाजूंनी पाणी येऊन एकमेकाला भेटत होतं. लाट नाही, आवाज नाही, आपल्याकडे अंगणात बादली सांडली की कसं पसरतं तसं. चपला हातात घेतल्या आणि पळाले, आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, आणि थंड किती तर हाडं दुखायला लागली. पलीकडे पोचून दहा मिनिटांनी मागे पाहिलं तर वाट नव्हतीच, नुसता समुद्र. त्यात मी केलं ते चूकच होतं हे पण सांगते, वाट पाण्याखाली गेली असेल तर ओलांडायचीच नाही, बेटावरच बसून राहायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची, पाच-सहा तास गेले तर गेले.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, विमानाचं तिकीट काढायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा. पौर्णिमा आणि अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात मोठं उधाण असतं, कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे फरक कमी. आणि सँ मालोची गंमत अशी की उधाणाच्या दिवसांत भरती येते सकाळी आणि संध्याकाळी, तर ओहोटी येते दुपारी, म्हणजे दुपारी बेटांवर चालत जा आणि संध्याकाळी तटावर उभं राहून त्याच वाटा बुडताना बघा, एका दिवसात दोन्ही फोटो, भाऊजींचा पण आणि मित्राचा पण. तिथल्या हॉटेलात आणि टुरिस्ट ऑफिसात भरतीचं टाइमटेबल मिळतं, त्यात प्लेन मेर म्हणजे पूर्ण भरती, बास मेर म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि शेजारी एक आकडा असतो २० ते १२० मधला, तो कोएफिशियंट. १०० च्या वर असेल तर मोठं उधाण. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमाराला हे आकडे सगळ्यात वर जातात, तेव्हा वारा असला की सियों नावाच्या लांब किनाऱ्यावर लाटा रस्त्याच्या कठड्यावरून उडून समोरच्या घरांच्या खिडक्यांवर आपटतात, आणि लोक रेनकोट घालून ते बघायला उभे असतात. त्या किनाऱ्यावर ओकच्या झाडांचे बुंधे ओळीने रोवलेत, लाटांचा जोर मोडायला, ओहोटीला त्यांच्यामधून फिरताना एखाद्या पडक्या देवळाचे खांब वाटतात.

फोर नास्योनाल म्हणून किल्ला आहे, १६८९ चा, तोही तसाच ओहोटीला चालत जायचा. वर झेंडा फडकत असेल तर उघडा, नसेल तर बंद, कुणाला विचारायची गरज नाही.

आमच्या ऑफिसमधला एक जण म्हणे की सँ मालोचं जुनं गाव सगळं नकली आहे, युद्धानंतर बांधलंय, जाऊ नका. खरं का? — धरमपेठेतली एक वाचक

अर्धं खरं. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्य आत आणि अमेरिकन बाहेर, तोफा, बॉम्ब, आणि मग आग लागली ती दिवसेंदिवस विझलीच नाही, तटाच्या आतलं जवळजवळ ८० टक्के गाव गेलं. जर्मनांनी जाता जाता बंदराचे धक्के पण उडवले. समोरचं सेझांब्र बेट तर २ सप्टेंबरपर्यंत शरण आलं नाही, आणि त्यावर इतके बॉम्ब पडले की आज इतक्या वर्षांनीही त्याच्या थोड्याच भागात फिरू देतात, बाकी जमिनीत न फुटलेले बॉम्ब आहेत.

पण तट उभा राहिला, तो जुनाच. आणि गाव परत बांधताना लोकांनी काचेच्या बिल्डिंगा नाही ठोकल्या, त्याच करड्या ग्रॅनाइटमध्ये, तशीच उतरती छपरं, तशाच उंच चिमण्या, फक्त गल्ल्या थोड्या रुंद केल्या. अनेक ठिकाणी पडलेल्या घरांचेच दगड वापरले. आता याला नकली म्हणायचं तर म्हणा, मला ते पटत नाही. महालात आपले भोसलेकालीन वाडे कोणी बॉम्ब न टाकता गेले, आपल्याच हाताने गेले, आणि शहराच्या जुन्या तटातलं गांधी गेट उभं आहे त्याच्याकडे रिक्षातून जाताना मान वर करून कोण बघतं? जळालेलं गाव आठवून आठवून परत रचणाऱ्यांना मी तरी नकली म्हणणार नाही. ऑफिसमधल्या साहेबांना सांगा, काय जुनं नि काय नवं हे ओळखत फिरणं हीच तिथली मजा आहे. आस्फेल्ड गल्लीत १७२५ चा एका जहाजमालकाचा वाडा वाचलाय, तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर होता, आत गाइडसोबत नेतात. कॅथेड्रल निम्मं जुनं आणि निम्मं दुरुस्त केलेलं, १५३५ मध्ये कॅनडाच्या दुसऱ्या सफरीवर निघायच्या आधी जाक कार्तिए याने इथे आशीर्वाद घेतला ती जागा जमिनीवर दाखवलीय. तो याच गावचा.

आणि तट फुकट आहे बरं का. आपला सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीन दिवस उघडतो म्हणून आपण २६ जानेवारीला रांग लावतो, इथे पावणेदोन किलोमीटरचा पूर्ण फेरा, वाटेल तेव्हा चढा.

समुद्री चाच्यांच्या गावाला एवढं कौतुकाने बघायला जायचं म्हणजे दरोडेखोरांचा सत्कार नाही का? — एक निवृत्त मास्तर, रामदासपेठ

सर, तुम्ही वर्गात असेच प्रश्न विचारत असणार. यात एक बारीक फरक आहे. चाचा म्हणजे जो दिसेल त्याला लुटतो. सँ मालोवाले स्वतःला कोर्सेअर म्हणवतात, यांच्याकडे राजाचा परवाना असायचा, युद्ध चालू असताना शत्रूची जहाजं पकडायची, लुटीतला हिस्सा राजाला, बाकी मालक आणि खलाशी यांच्यात वाटणी, आणि सगळ्याची कोर्टात नोंद. आता शत्रूच्या नजरेने बघाल तर तो चाचाच. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज पायरेट म्हणायचे आणि आपल्यासाठी ते सरखेल, तसंच हे.

आणि यातला एक जण आपल्या दारापर्यंत आला होता. रोबेर स्युर्कूफ, जन्म १७७३ चा. १८०० मध्ये त्याने बंगालच्या उपसागरात केंट नावाचं इंग्रजी कंपनीचं जहाज पकडलं, स्वतःच्या जहाजापेक्षा कितीतरी मोठं, तोफाही जास्त, माणसंही जास्त, पण हा जवळ जाऊन थेट डेकवर उड्या मारून चढला. तटाजवळ त्याचा पुतळा आहे, हात समुद्राकडे रोखलेला, लोक म्हणतात इंग्लंडकडे. याच गावात १६९९ मध्ये जन्मलेला माहे द ला बुर्दोने, मॉरिशसचा गव्हर्नर, त्याने १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेतलं होतं, सेशेल्सच्या माहे बेटाला त्याचंच नाव. म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात डुप्लेच्या धड्यात जी दोन ओळींची भांडणं येतात त्यातला एक भांडणारा इथला. फॉकलंड बेटांना स्पॅनिशमध्ये माल्विनास म्हणतात तेही सँ मालोवरूनच आलंय, इथल्या खलाशांची बेटं म्हणून आधी फ्रेंचमध्ये मालुईन, त्याचं माल्विनास.

पण तुमचा मुद्दा मी सोडत नाही सर. स्युर्कूफने गुलामांचा व्यापारही केला, आणि तो एकटा नव्हता, इथल्या बऱ्याच जहाजमालकांच्या घरात तो पैसा आहे. पुतळ्याजवळ उभं राहिल्यावर हे पण आठवावं. मी पहिल्या वेळी नुसता फोटो काढून आले होते.

माणसं भारी अडेल ही मात्र खरी गोष्ट. १५९० ते १५९४ चार वर्षं यांनी फ्रान्सच्या राजाला मानलंच नाही, आमचं वेगळं प्रजासत्ताक म्हणाले. आजही म्हण आहे की आधी मालुआं, म्हणजे सँ मालोचा, मग जमलं तर ब्रेटन, आणि उरलंच काही तर फ्रेंच. मी हे घरी सांगितलं तर आमचे सासरे म्हणाले, म्हणजे वेगळ्या विदर्भवालेच की.

मी सहावीत आहे. बाबा म्हणाले तिथे आधी कुत्रे किल्ल्याची राखण करायचे. हे खरं आहे का? — एक वाचक, मनीषनगर

एकदम खरं. ओहोटीला जहाजं वाळूवर टेकलेली असायची, चोर चालत येऊन माल नेतील म्हणून रात्री गावाचे दरवाजे बंद करायचे आणि बाहेर मोठे मोठे मॅस्टिफ जातीचे कुत्रे सोडायचे. आधी घंटा वाजायची, म्हणजे बाहेर असाल तर पळत आत या. काही शतकं हे चाललं. १७७० मध्ये एका तरुण नौदल अधिकाऱ्याला यायला उशीर झाला आणि कुत्र्यांनी त्याला मारून टाकलं, तेव्हा ही पद्धत बंद झाली. घंटा मात्र अजून रात्री १० च्या सुमाराला वाजते. तू गेलास तर ऐक, आणि जून महिन्यात गेलास तर ती वाजते तेव्हा सूर्य नुकताच बुडत असतो किंवा बुडायचाच असतो, आईला सांग की अजून उजेड आहे म्हणून झोपणार नाही.

महावितरणच्या बाजूने आयुष्य गेलं. तिथे भरतीवर वीज बनवतात असं वाचलं, दाखवतात का? — एक निवृत्त इंजिनियर, त्रिमूर्तीनगर

सर, सँ मालो आणि दिनारच्या मध्ये रांस नदीचं मुख आहे, त्यावर ७५० मीटरचं धरण, १९६६ मध्ये सुरू झालं, उद्घाटनाला द गॉल आले होते. २४ टर्बाइन, एकूण २४० मेगावॅट. भरती आत येताना आणि ओहोटी बाहेर जाताना दोन्ही बाजूंनी फिरू शकतील अशी ती पाती आहेत. आपल्या कोराडीचा एक नवा युनिटच ६६० मेगावॅटचा, त्यामुळे आकडा ऐकून तुम्ही हसाल, पण कोळशाची एक रेक लागत नाही, राख नाही, आणि पुढच्या वर्षी किती वाजता किती वीज हे आत्ताच सांगता येतं. धरणावरून रस्ताच जातो, वरून पाण्याचे भोवरे दिसतात, आणि माहिती केंद्रही आहे. बोटी जायला बाजूला लॉक आहे, म्हणजे पाणी वर-खाली करून बोट पलीकडे सोडायची दारं, रस्ता वर उचलतात, ट्रॅफिक थांबतो, तेवढा वेळ धरा.

आम्ही पक्के शाकाहारी, आमच्यातला एक मात्र सावजीशिवाय जेवत नाही. दोघांचं भागेल का? — वर्धमाननगर

शाकाहाऱ्यांचं सावजीवाल्यापेक्षा बरं भागेल, खरंच. ब्रिटनीचं रोजचं खाणं म्हणजे गालेत, उपासाला आपण कुट्टूचं पीठ वापरतो ना त्याच पिठाचं मोठ्ठं पातळ धिरडं. गोल लोखंडी तव्यावर पीठ ओततात आणि लाकडी टीच्या आकाराच्या काठीने एका फिरवणीत पसरवतात, कडा जाळीदार कुरकुरीत होते, मग मधे चीज, मशरूम, अंडं काय ते घालून चारही बाजू आत दुमडतात. मी काउंटरला नाक लावून उभी होते, त्या बाईने हसून मला काठी दिली, माझं धिरडं महाराष्ट्राच्या नकाशासारखं झालं, विदर्भाच्या बाजूला फाटलेलं. मेन्यूत "कोंप्लेत" असेल तर त्यात हॅम येतं, तेव्हा "सां जांबों" म्हणायचं, म्हणजे हॅमशिवाय. आणि सोबत काय मिळतं माहितीये? लॅ रिबो, म्हणजे चक्क ताक! आंबट, दाट, वाडग्यात. मीठ-जिरं घातलेलं नसतं एवढंच. तिथले लोक वाडग्यातून सायडर पितात, तो सफरचंदाचा आणि त्यात अल्कोहोल असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी ज्यूस समजून उचलू नये. लोणी खारट असतं आणि ते लोक त्याबाबतीत आपल्यापेक्षा हट्टी आहेत, क्विन्यामान नावाचा केक खाऊन बघा, लोणी आणि साखर यांच्या मधे थोडीशी कणीक.

सावजीवाल्यांना सांगा, कांकालला जा, सँ मालोहून जवळच आहे, तिथे धक्क्यावर बसून कच्ची कालवं लिंबू पिळून खातात आणि शिंपले खाली किनाऱ्यावरच फेकतात, तिथे त्यांचा ढीगच झालाय. तिखट म्हणून कुठेच काही मिळणार नाही, ठेच्याची बाटली चेक-इन बॅगेत टाका. आणि जेवायची वेळ पाळा, दुपारी दोन-अडीचनंतर बरीच किचन बंद होतात ती थेट संध्याकाळी सातला उघडतात, मधे नागपूरसारखं कधीही तर्री-पोहा मिळेल असं समजून फिरू नका.

गुडघे दुखतात. तटाच्या आत हॉटेल घेऊ की बाहेर? — मानेवाडा

बाहेर घ्या. आत दगडी फरशीच्या गल्ल्या, बॅगेची चाकं खडखडतात, जुन्या घरांत लिफ्ट असेलच असं नाही, गाडी तर दारापर्यंत आणणं अवघडच. सियोंच्या बाजूला किंवा स्टेशनजवळ राहा, सपाट रस्ता, आणि खिडकीतून भरती दिसली तर बोनस. तटावर चढायला पायऱ्या आहेत, पण एकदा वर गेलात की बराचसा फेरा सपाट आहे, बसायला जागा आहेत, अर्धाच करा. दुपारी बों सकूरच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्याचा स्विमिंग पूल दिसतो, १९३० च्या दशकातला, ओहोटी आली तरी त्यात पाणी अडून राहतं आणि भरतीला पूल गायब होऊन नुसता उडी मारायचा टॉवर पाण्यात उभा दिसतो. तो बाकावर बसून बघायचाच प्रकार आहे. रात्रीचं जॅकेट लागतं हो, मे महिन्यात सुद्धा. नवतपातून थेट जाणार असाल तर कोणी सांगून पटणार नाही म्हणून दोनदा सांगते, जॅकेट.

एकच दिवस आहे, त्यात मों सँ मिशेल आणि सँ मालो दोन्ही होईल का? — हिंगणा रोड

होईल, पण करू नका. मों सँ मिशेल म्हणजे भरतीने वेढलं जाणारं मठाचं बेट. दोन्ही ठिकाणी खरं बघायचं ते समुद्र येताना नि जाताना, आणि तुम्ही तेवढा वेळ बसमध्ये असाल. एकच निवडायचं झालं तर सँ मालोला दोन रात्री राहा आणि मों सँ मिशेलला तिथून एक दिवस जाऊन या.

लेकीसाठी संत्रा बर्फी नेता येईल का? — पुन्हा त्याच काकू, प्रतापनगर

काकू, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. खव्याची मिठाई त्यात कुठे बसते यावर कस्टमवाल्याशी पॅरिसच्या विमानतळावर फ्रेंचमध्ये भांडायची तयारी असेल तर न्या. नाहीतर चिवडा न्या, तो कोणी अडवत नाही, आणि बर्फी लेक नागपूरला येईल तेव्हासाठी.